कारणाचा रकाना

संयोजकांनी मला विषय दिला होता 'व्यसन आणि कायदा'. त्यांच्या परवानगीने मी तो अरुंद करून घेतला आहे, कारण रुंद विषयावर बोलायला लागलं की माणूस सगळ्यांना पटेल असंच बोलत राहतो. आज दोनच पदार्थांबद्दल बोलू. पहिला अल्प्राझोलाम. या नावाने तो फारसा कुणाला माहीत नसतो. घरात त्याला 'टेन्शनची गोळी' किंवा नुसतं 'झोपेची गोळी' म्हणतात. दुसरा गांजा. पहिला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो, आणि नियम काहीही असो, ओळखीच्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी न दाखवताही पुष्कळदा मिळतो. दुसरा खिशात सापडला तर अटक होते. हा फरक नेमका कशावर उभा आहे, एवढंच मला तपासायचं आहे.

"दुसरा घातक आहे म्हणून," हे उत्तर लगेच येतं. त्या उत्तराकडे जाऊच, पण आधी आपण बोलतो कसं ते बघा. "आईची बीपीची गोळी चालू आहे, शुगरची चालू आहे, आणि रात्री एक झोपेची चालू आहे." या वाक्यात कर्ता कोण? गोळी. आई नाही. पंखा चालू असावा तशी गोळी आपली आपण चालू आहे. आणि शेजारचा मुलगा? "तो गांजा ओढतो." इथे मात्र कर्ता ठळक आला, आणि कर्त्याच्या मागोमाग दोषही आला. निवाडा व्याकरणातच होऊन गेला, पुरावा अजून यायचा आहे.

'व्यसन' हा शब्दही गंमतीचा आहे. संस्कृतात त्याचा एक मुख्य अर्थ संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे. त्यात राजा, अमात्य, दुर्ग, कोश यांवर येणारी संकटंही आहेत आणि राजाची शिकार, द्यूत, मद्य हीसुद्धा आहेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून उपजणारी दहा व्यसनं मोजली आहेत, त्यांत दिवसा झोपणं आहे. (समोरच्या पेन्शनर मंडळींनी मनाला लावून घेऊ नये.) मला त्यातलं एवढंच हवं आहे, की जुना शब्द माणसाची काय अवस्था होते याच्याकडे बघत होता. पदार्थांची यादी करायची, यादीतला पदार्थ म्हणजे व्यसन आणि यादीबाहेरचा म्हणजे औषध, ही पद्धत अगदी अलीकडची. आयुर्वेदाचीही तशी भूमिका नाही. नीट योजलेलं विष औषध होतं आणि चुकीचं योजलेलं औषध विष होतं, असं चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलं आहे. ग्रीकांच्या भाषेत तर औषध आणि विष या दोहोंना मिळून 'फार्माकॉन' हा एकच शब्द होता, आणि प्लेटोने 'फीड्रस'मध्ये लेखनकलेबद्दल बोलताना तो असा वापरला की भाष्यकारांना अजून काम पुरतंय.

आता गोळीकडे. हिचं कूळ बेंझोडायझेपिन. हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीतल्या लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून १९६० साली लिब्रियम बाजारात आलं, १९६३ साली व्हॅलियम. न्याय करायचा तर हे सांगायला हवं, की ही औषधं आली तेव्हा ती प्रगतीच होती. त्याआधीची बार्बिट्युरेटं थोडी जास्त घेतली तरी जीव घ्यायची. तुलनेने ही सौम्य. अल्प्राझोलाम १९८१ साली अमेरिकेत झॅनॅक्स या नावाने आलं. ते लवकर लागू पडतं आणि लवकर उतरतं. पुढची सगळी गोष्ट या दोन गुणांतच आहे.

छातीत धडधडणाऱ्या माणसाला अर्ध्या तासात बरं वाटतं. ही थोडीथोडकी गोष्ट नाही, आणि ज्याला घबराटीचा झटका कधी आलेला नाही त्याने तिची टिंगल करू नये. पण काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिच्या हिशोबाने स्वतःला बसवून घेतो. मग ती उतरली की काळजी परत येते, झोप उडते, हात थरथरतात, आणि मूळ त्रासापेक्षा हा त्रास मोठा असतो. मोठ्या मात्रेवरून एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ सालीच डॉक्टरांना कळवलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं केवळ या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला आणि हळूहळू, महिनोन् महिने मात्रा कशी उतरवायची ते लिहून ठेवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या संपूर्ण कुळावर अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो २०२० साली. पहिल्या गोळीनंतर साठ वर्षांनी.

इथे एक मध्येच सांगतो. आज हे ऐकून घरी जाऊन कुणी गोळी बंद करायची नाही. डॉक्टरांशी बोलून, अगदी थोडी थोडी कमी करत. हे व्याख्यान आहे, उपचार नव्हे.

तर तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय सापडतं? कारणाची अदलाबदल. बाई गोळी दोन दिवस विसरतात. रात्रभर डोळा लागत नाही, जीव घाबरा होतो. मुलगा म्हणतो, "बघ, गोळी सोडली की किती त्रास होतो तुला. म्हणजे तुला गोळीची गरज आहेच." गोळीने निर्माण केलेला त्रास हाच गोळीच्या गरजेचा पुरावा ठरतो. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याने असं अनुमान मांडलं असतं तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण घरोघरी ते चालतं, दवाखान्यातही चालतं, आणि बाईंच्या कागदावर 'स्वभाव चिंताग्रस्त' अशी नोंद पडते. पुढे तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं तर 'वय'. विसराळूपणा वाढला तरी 'वय'. म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांमुळे पडणं, हाडं मोडणं, भ्रम होणं वाढतं हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. तरी कारणाच्या रकान्यात गोळी येत नाही.

हा रकाना लक्षात ठेवा. आता मी तुम्हाला दुसरा एक रकाना दाखवतो, सव्वाशे वर्षांपूर्वीचा.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होतात, सरकार त्यावर कर मिळवतं, हे नीतीला धरून आहे काय? चौकशीसाठी 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. जवळपास बाराशे साक्षी, अनेक खंडांचा अहवाल. भांग-गांज्यावर इतकी कसून केलेली सरकारी चौकशी त्याआधी झालेली नव्हती. मी तो अहवाल वैद्यकाचा ग्रंथ म्हणून वाचत नाही, ज्ञानमीमांसेचा म्हणून वाचतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ह्यूमच्या शेजारी ठेवून वाचायला द्यावा असा तो आहे.

कमिशनपुढे वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते आले. त्यांत 'वेडाचं कारण' असा रकाना, आणि त्यात ठिकठिकाणी 'गांजा'. एवढा भक्कम आकडेवारीचा पुरावा! पण कमिशनने विचारलं, हा शब्द इथे लिहिला कुणी? शोधत गेले तेव्हा कळलं की रोग्याबरोबर पोलिसांकडून, दंडाधिकाऱ्याकडून एक वर्णनपत्र येई. रस्त्यात भटकणारा माणूस पकडला, कुणी म्हणालं की हा ओढायचा, की लिहिलं गांजा. रकाना मोकळा ठेवायचा नाही, काहीतरी कारण भरायचंच. ते कागदावरून इस्पितळाच्या वहीत गेलं, वहीतून वार्षिक तक्त्यात, आणि तक्त्यातून पार्लमेंटात. मग कमिशनने १८९२ सालचे, गांजा-भांगेच्या खात्यावर घातलेले २२२ रोगी एकेक करून तपासले. निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत ते कारण टिकलं नाही. शेवटी अहवालाने सांगितलं की बेताच्या सेवनाने सहसा अपाय दिसत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदी नको, परवाने आणि कर यांनी आळा घाला.

आता हे कमिशन काही निःस्पृह ऋषींचं नव्हतं. सरकारला गांज्यावरचा महसूल हवाच होता, आणि कर लावा ही शिफारस त्याला गोड वाटणारीच होती. शिवाय कमिशनवर तीन हिंदी सभासद होते, त्यांपैकी दोघांनी भिन्नमत नोंदवलं, त्यांना अधिक कडक बंधन हवं होतं. तेव्हा 'साहेबाने गांजा निर्दोष ठरवला' एवढंच उचलून नाचू नये. माझ्या कामाची आहे ती त्यांची रीत. त्यांनी रकान्यातला शब्द कुठून आला ते विचारलं.

दोन रकाने शेजारी ठेवले की माझं म्हणणं पुढे येतं. एका वहीत पदार्थाला पुराव्याविना दोषी लिहिलं. दुसऱ्या वहीत पुरावा समोर असूनही पदार्थाचं नाव लिहीत नाहीत, रोग्याचा स्वभाव लिहितात. दोन्हीकडे लिहिणाऱ्याने पदार्थ बघितलाच नाही. त्याने समोरचा माणूस बघितला. एक रस्त्यावरचा फाटका, एक घरातली आई.

आता "गांजा घातक आहे" या उत्तराकडे येतो. गांजा निरुपद्रवी आहे असं म्हणायला मी उभा नाही. कोवळ्या वयात आणि रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, विशेषतः घराण्यात तसा कल असेल तर. हे आता मानलं जातं. आजचा माल १८९३ सालच्यापेक्षा जहाल असू शकतो. अवलंबित्वही येतं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे तीन कोटी आढळले. त्याच पाहणीत डॉक्टरी सल्ल्याशिवाय झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या घेणारे एक कोटीच्या वर आहेत. मदतीची गरज असणाऱ्यांत गांजा-भांगवाल्यांची संख्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त आहे, हेही मी लपवत नाही. पण या दुसऱ्या आकड्यात कोण नाही ते बघा. ज्यांची गोळी चिठ्ठीने 'चालू आहे', पंधरा पंधरा वर्षं, ते त्यात धरलेलेच नाहीत. मोजणाऱ्यांनी खोटेपणा केला असं नाही; त्यांनी गैरवैद्यकीय सेवन मोजायचं ठरवलं होतं. फक्त ती आई पुन्हा एकदा रकान्याबाहेर राहिली.

कायदा काय म्हणतो? इथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. १९८५ चा अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा. नाव उच्चारतानाच दम लागतो, आपण एनडीपीएस म्हणू. ऑगस्टमध्ये विधेयक मांडलं, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची संमती, नोव्हेंबरमध्ये अंमल. इतक्या झपाट्याने आपल्याकडे क्वचितच काही होतं. या कायद्यात कॅनाबिसच्या व्याख्येत गांजा आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या अबकारी कायद्यांवर सोडली गेली. म्हणजे एकाच झाडाचा शेंडा गुन्हेगार आणि पान परवान्याचा विषय. आणि अल्प्राझोलाम? तेही याच कायद्याच्या यादीत आहे! गांज्याची 'अल्प मात्रा' एक किलो, अल्प्राझोलामची पाच ग्रॅम. कागदावर बघाल तर कायदा गोळीबाबत जास्तच सावध आहे. शिवाय औषध नियमावलीत ती 'एच-वन' या अनुसूचीत आहे. २०१४ पासून दुकानदाराने रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची आहे.

ही वही बघून मला जॉन स्टुअर्ट मिल आठवतो. 'ऑन लिबर्टी', १८५९, शेवटचं प्रकरण. विष विकायचं कसं, असा प्रश्न तो घेतो. बंदी घालू नका म्हणतो, कारण त्याच वस्तूचे चांगले उपयोग असतात. डॉक्टरचा दाखला प्रत्येक वेळी मागू नका, कारण तो कधी मिळणार नाही आणि नेहमी महाग पडेल. मग काय? विक्रेत्याने वहीत लिहावं: कुणी, कधी, किती आणि कशासाठी नेलं. आपली एच-वनची वही हे मिलचंच भावंड, वर डॉक्टरच्या चिठ्ठीची भर. याच मिलने आपलं स्वातंत्र्याचं तत्त्व मुलांना आणि 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही म्हटलं होतं, आणि त्याची नोकरी ईस्ट इंडिया कंपनीत होती. तो हिशोब पुन्हा कधीतरी करू. पण वहीची त्याची कल्पना समंजस होती. आपल्याकडे वही आहे, रकाने आहेत. ती किती दुकानांत खरोखर भरली जाते, हे तुम्ही तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा. शेवटची गोळी घेताना तुमचं नाव लिहून घेतलं होतं का, ते आठवा.

म्हणजे 'सहज मिळणारी गोळी आणि बंदी असलेला गांजा' हा फरक कायद्याच्या अक्षरात पुरता नाहीच. तो अंमलबजावणीत आहे. मालेगावला याच अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात. संभाजीनगरकडे नशेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. पोरांच्या खिशात ती सापडली की एनडीपीएस लागतो, वर्तमानपत्रात बातमी येते, नशेचा विळखा वगैरे. रासायनिकदृष्ट्या ती आणि आईच्या डबीतली एकच. पोराची नशा आणि आईचा उपचार यांत फरक नाही असं मी म्हणत नाही. हेतू वेगळा आहे, मात्रा वेगळी आहे. पण शरीराला हेतू कळत नाही. सहा महिन्यांनंतर सोडताना दोघांचे हात सारखेच थरथरतात.

आणि गांज्याकडे बघा. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या २०१७-१८ च्या खटल्यांचा एक अभ्यास झाला आहे. बहुसंख्य प्रकरणं स्वतःपुरत्या सेवनाची, त्यांत बहुतेक गांज्याची, आणि पकडलेले लोक मोठ्या प्रमाणात रोजंदारीवरचे, रस्त्यावर किंवा झोपडपट्टीत राहणारे. ज्याला बंद खोली आहे तो ओढतो आणि झोपतो. ज्याला खोली नाही तो पुलाखाली ओढतो आणि कोर्टात उभा राहतो. १८९३ चं वर्णनपत्र अजून भरलं जातंय.

मग उपाय काय? पुष्कळ लोकांना वाटेल, मी म्हणणार की गोळीवरही तशाच धाडी घाला. अजिबात नाही. तेलंगणात काय झालं ते सांगतो. तिथे स्वस्त ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळायची चाल होती. २०१५ साली सरकारने भेसळीविरुद्ध कडक मोहीम काढली. काही दिवसांतच निजामाबाद, महबूबनगरकडच्या इस्पितळांत माणसांची रीघ लागली. झोप नाही, भास होतायत, फिट येतायत. ती माणसं वर्षानुवर्षं गोळी पीत होती आणि त्यांना ठाऊकही नव्हतं; त्यांच्या लेखी ती ताडी होती. पुरवठा तोडणं सरकारला एका आदेशात जमलं. माणसाला पदार्थातून बाहेर काढायला महिने लागतात, आणि त्याची तयारी कुणी केली नव्हती.

गोळी सहज का मिळते याचंही एक साधं कारण आहे. देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. जनरल प्रॅक्टिसच्या डॉक्टरसमोर बाहेर वीस माणसं बसली आहेत आणि आत एक बाई रडते आहे. ऐकून घ्यायला तास लागेल, चिठ्ठी लिहायला अर्धा मिनिट. त्या डॉक्टरला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. पण चिठ्ठीवर 'एक महिना, मग कमी करत बंद' ही ओळ लिहायला आणखी अर्धाच मिनिट लागतो. ती ओळ मी फार कमी चिठ्ठ्यांवर पाहिली आहे. सुरू करण्याची तारीख असते, बंद करण्याची नसते. एच-वनच्या वहीतही तिला रकाना नाही.

गांज्याबाबत माझं मत सरळ आहे. स्वतःपुरतं सेवन केल्याबद्दल तुरुंग नको. कलम २७ मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, ती काढावी. विक्री, मुलांपर्यंत माल पोचवणं, यांवर बंधन राहू दे. खुला बाजार मांडावा असं मला वाटत नाही. दारूच्या बाजाराने काय केलं ते आपण बघतोच आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये कॅनाबिसला सगळ्यात कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. व्हिएन्नात दिलेलं मत पुलाखाली अजून पोचलेलं नाही.

शेवटी त्याच कायद्यातलं कलम ६४-अ सांगतो आणि थांबतो. स्वतःहून व्यसनमुक्तीचा उपचार घेणाऱ्याला, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल तर, खटल्यातून सूट आहे. कलम चांगलं आहे, वापरलं मात्र फार कमी जातं. निदान त्या पुलाखालच्या माणसाला कायद्याने व्यसनी म्हणून ओळखलं, आणि ओळखलं म्हणून त्याच्यासाठी एक दार ठेवलं. चिठ्ठीने पंधरा वर्षं गोळी घेणाऱ्या बाईंना असं कलम लागत नाही, कारण त्यांनी गुन्हाच केलेला नाही. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात न्या म्हटलं तर घरचे चिडतील, बाई स्वतः चिडतील. मग त्यांनी जायचं कुठे? न्यूकॅसलला बारा वर्षं चालला तसा दवाखाना, जिथे गुन्हेगारही म्हणत नाहीत आणि वेडाही म्हणत नाहीत, फक्त दर पंधरवड्याला गोळीचा आठवा हिस्सा कमी करून देतात, तो आपल्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार चालवायला काय लागेल? समोर डॉक्टर मंडळी बसलेली दिसतायत. पहिला प्रश्न त्यांच्याकडूनच घेऊ.